गार्डसाहेबांची चाल

सन दोन हजार बावीस. मला एकाहत्तरावं लागलं होतं, आणि मुदखेडच्या फलाटावर एक माणूस रोज संध्याकाळी गाडी निघून गेली त्या दिशेला तोंड करून बसलेला असायचा. लोक गाडी येते तिकडं बघतात. हा गेली तिकडं बघायचा. शेवटच्या डब्याचा लाल दिवा दिसेनासा झाला की एकदा मान हलवायचा, गुडघ्यावर हात टेकून उठायचा आणि घरी जायचा.

मुदखेडात त्यांना सगळे गार्डसाहेब म्हणत. मालगाडीवर गार्ड म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. आता गार्डाला ट्रेन मॅनेजर म्हणायचं, असं कुणी सांगितलं की हसायचे. "मॅनेजर कशाचा रे बाबा? मागच्या डब्यात एकटं बसायचं. इंजिनवाल्याला येणारं दिसतं, गार्डाला गेलेलं दिसतं. एवढाच फरक." ही मागं राहायची सवय त्यांच्या अंगात मुरलेली होती. लग्नात शेवटच्या पंगतीला बसत, मयतीला सगळ्यांच्या मागून चालत, माझ्याबरोबर चहाला निघाले तरी दोन पावलं मागे. मी एकदा वैतागून म्हटलं, "साहेब, बरोबरीनं चला की. मी काय इंजिन हाय का तुमचं?" तर म्हणाले, "आप्पा, शेवटचा डबा आला म्हंजे गाडी आली. तवर आली म्हणू न्हाई."

आप्पा म्हणजे मी. जन्म उदगीरकडचा, पण उमर गेली अर्धापुरात, केळीच्या मालात. आधी घड वाहिले, मग वाहणाऱ्यांचा मुकादम झालो. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तरांशी भांडून सोडली. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. केळीचा घड हातावर तोलला की मी वजन सांगायचो, काटा नंतर बोलायचा आणि माझंच बोलायचा. माझी घरची मालकीण वारली तेव्हा मुलानं मला मुदखेडला आणलं. घरात करमेना म्हणून फलाटावरच्या बाकावर जाऊन बसू लागलो. तो बाक आधी माझा होता, असं माझं म्हणणं. गार्डसाहेबांचं म्हणणं उलट. हा वाद आमच्यात शेवटपर्यंत मिटला नाही. ते आले की जय भीम म्हणायचे, मी आमच्या लिंगायतांचं शरणार्थ म्हणायचो, आणि वाद पुन्हा सुरू व्हायचा.

त्यांच्या सदऱ्याच्या वरच्या खिशात कायम एक माऊथ ऑर्गन असायचा. ते त्याला बाजा म्हणायचे, तोंडाचा बाजा. फलाटावर तो कधी वाजवत नसत. मी एकदा म्हटलं, "वाजवा की जरा, फुकट चहा पाजतो तुम्हाला." मान हलवून म्हणाले, "हा माझा न्हाई, तुमच्या वहिनीचा हाय. मी फक्त फुंकतो." मग त्यांनी मला त्याची हकीकत सांगितली.

मालगाडीला घड्याळ नसतं. गार्ड आज सकाळी गेला तर उद्या दुपारी येईल की परवा, कुणी सांगावं? वहिनी नव्या लग्नाच्या, लाईनीला लागून असलेल्या क्वार्टरात एकट्या. नवरा कधी येणार कळायचं नाही, भाकरी कधी टाकावी कळायचं नाही. मग गार्डसाहेबांनी युक्ती काढली. परतीची गाडी मुदखेडात शिरायला लागली की मागच्या डब्यात उभं राहून बाजा वाजवायचे. चाल कुठल्या गाण्याची नव्हती. चाकांच्या ठेक्यावर त्यांनीच जुळवलेली, तीन ओळींची. ती ऐकू आली की वहिनी तवा ठेवायच्या. हे घरी येऊन हातपाय धुवेपर्यंत ताटात गरम भाकरी. "शिट्टी सगळ्यांसाठी असती आप्पा," ते म्हणाले, "बाजा तिच्या एकटीसाठी." मी म्हटलं, "आणि गाडी थांबली की तुम्ही पळत घरी?" "पळत कसं? सगळे उतरल्यावर. गार्ड हाय मी."

नोकरी संपली. त्यांनी लाईनीजवळच छोटं घर बांधलं. पुढं वहिनींना तो विसरण्याचा आजार लागला. आधी डब्याची झाकणं विसरल्या, मग शेजारणीचं नाव, मग नवरा रिटायर झालाय हेच विसरल्या. गार्डसाहेब समोर बसलेले असले तरी पाहुण्याकडं बघावं तसं बघायच्या आणि ताट बाजूला सारायच्या. "ह्यांची गाडी आली न्हाई अजून. ते आले की जेवते." डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. एका दुपारी गार्डसाहेब हरून परसात जाऊन बसले आणि सहज बाजा तोंडाला लावला. आतून वहिनींनी कामाच्या बाईला हाक दिली, "वाढ गं, आले." तेव्हापासून दोन्ही वेळच्या जेवणाआधी हा माणूस आपल्याच घराच्या मागं जायचा, बाजा वाजवायचा, मग समोरच्या दारानं आत यायचा. वहिनी म्हणायच्या, "लई उशीर केला आज." हे म्हणायचे, "हाव, सिग्नल मिळाला न्हाई." आणि दोघं जेवायचे.

हे सगळं ते हसत सांगत. पण त्या पावसाळ्यात त्यांचा दम कमी होऊ लागला. धूळ, डिझेलचा धूर, मालगाडीच्या वाघिणीतल्या सिमेंटची भुकटी, सगळं छातीत बसलेलं. फलाटाचा दादरा, तो रुळांवरचा पूल, चढताना मध्येच थांबायचे आणि कुणी बघत असेल तर खाली रुळांकडं बोट दाखवून काहीतरी सांगायला लागायचे. मी ओळखलं होतं. मीही रुळांकडं बघायचो.

एके दिवशी बाकावर बसल्या बसल्या मला म्हणाले, "आप्पा, लांब श्वास घ्या बरं." मी घेतला. "धरा." मी धरला. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, बरगड्या चाचपल्या. मी श्वास सोडून म्हटलं, "बैल पारखून राहिलात काय? दात बघता का?" ते हसले नाहीत. म्हणाले, "छाती चांगली हाय तुमची. ओझं वाहिलेली छाती. आप्पा, बाजा शिकता का?"

मी म्हटलं, ह्या वयात? म्हणाले, "डॉक्टरनं मला सांगितलं हाय काय ते. मी गेल्यावर ती जेवायची न्हाई. मी वर जाईन त्याचं काय न्हाई, पण ती उपाशी मरंल." मी म्हटलं, मोबाईलवर भरून ठेवा. म्हणाले, "लेकीनं ठेवलं होतं भरून. लावलं की ही म्हणती, तो रेडिओ बंद करा, ह्यांची गाडी ऐकू यायची न्हाई." मी म्हटलं, एखाद्या तरण्या पोराला शिकवा. म्हणाले, "तरणी पोरं आज हायेत, उद्या पुण्याला. तुम्ही कुठं जाणार?" मी म्हटलं, "मलाबी वर जायचंय की." म्हणाले, "तुम्ही जात न्हाई इतक्यात. तुम्ही भांडाल तिथं."

मी हो म्हटलं नाही. नाही म्हणवलं नाही, इतकंच.

त्यांचा स्वतःचा बाजा ते मला देईनात. "ह्यात माझ्या छातीतलं उतरलंय, तुमच्या छातीत कशाला घालू? आणि दुसऱ्याचा बाजा शिकायला घेऊ न्हाई. त्याला त्या माणसाच्या श्वासाची खोड असती. तुमचा तुम्ही नवा घ्या. साधा, दहा भोकांचा, पांढरी एकचा." पांढरी एक मला माहीत होती. आमच्या भजनात पेटीवाला काळी चार का पांढरी एक म्हणून विचारायचा. मी म्हटलं, आणतो. ते म्हणाले, मी येतो बरोबर. मी म्हटलं, "आयुष्यभर माल घेतला साहेब मी. मला कुणी बरोबर लागत न्हाई."

नांदेडला गेलो. वजिराबादेत वाद्यांचं दुकान आहे, माडीवर. गल्ल्यावर एक बाई होत्या. म्हणाल्या, "नातवासाठी का, आजोबा?" मी म्हटलं, माझ्यासाठी. त्यांनी काचेवर ओळीनं बाजे मांडले. मी एकेक हातावर घेतला. पाच हलके निघाले, पत्र्याच्या डबीसारखे. सहावा हातावर बसला. घड बसतो तसा. मी म्हटलं, हा द्या. त्या म्हणाल्या, "आजोबा, ह्याला दोन्ही बाजूंनी भोकं आहेत. शिकणाऱ्यांना जरा..." "मी शिकणारा दिसतो का तुम्हाला?" "मग वाजवता येतो?" मी म्हटलं, "येईल."

बाकावर बसून कागद उलगडला. गार्डसाहेबांनी तो बाजा हातात घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "आप्पा, हे काय?" "बाजा." "हा बाजा न्हाई, जोडगाडी हाय. एका अंगाला एक पट्टी, दुसऱ्या अंगाला दुसरी. चुकून पालथा धरला की गाव बदललं. कशावरनं निवडला?" मी सांगितलं, वजनावरून. ते हसायला लागले. हसता हसता खोकला लागला, आणि खोकला थांबेना. मी पाठ चोळत होतो आणि शिव्याही देत होतो. थांबल्यावर डोळे पुसत म्हणाले, "केळी न्हाईत ती आप्पा." मी म्हटलं, "घेतलेला माल मी परत करत न्हाई. ह्याच्यावरच शिकवा." "परत करू नका. घरात ठेवा. चोर आला तर डोक्यात हाणायला येतो. उद्या मी येतो नांदेडला."

मी नको नको म्हणत होतो, पण दुसऱ्या दिवशी ते धुतलेला सदरा घालून माझ्याआधी फलाटावर. त्या दुकानाच्या जिन्यात ते मधल्या पायरीवर बसले. ओठ निळे पडले होते. मी खाली उतरायला लागलो तर हात वर करून म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं. मी शेवटचा डबा हाय, येतोच."

पहिला बाजा कसा निवडायचा ते मी त्या दिवशी पाहिलं. त्यांनी फक्त दहा भोकांचे बाजे काढायला लावले. ते दुकानदारीणबाईंना म्हणाले, भाता आहे का? त्यांच्याकडं हातात मावेल एवढा भाता होता, तोंड न लावता बाजा तपासायचा. एकेका भोकाला भाता लावून ते दाबत, मग सोडत. दाबला की एक सूर, सोडताना हवा आत ओढली गेली की दुसरा. मान खाली घालून ऐकत. एक बाजा बाजूला ठेवला, "ह्याचं तिसरं ओढताना अडतंय. नवा माणूस म्हणंल माझंच चुकतंय, आणि सोडून देईल." दुसऱ्याच्या पत्र्यावरून बोट फिरवलं, "ह्याची कड ओठ कापंल." तिसऱ्याच्या कडेनं हवा गळत होती. "ह्याला दम लई लागंल. दम फुकट घालवायला आणलाय का कुणी?" चौथा त्यांनी पुन्हा पुन्हा ऐकला आणि माझ्या हातात ठेवला. "डोळे मिटा. वजन बघू नका."

बाई म्हणाल्या, "काका, तोंड लावलं की घ्यावाच लागेल हं. उष्टा माल कुणी घेत नाही." गार्डसाहेब म्हणाले, "लावू द्या ताई. माणूस हट्टी हाय, पण उष्टं टाकून उठणारा न्हाई."

मी बाजा तोंडाला लावला. फुंकायच्या आधी छाती भरून श्वास घेतला आणि त्या श्वासालाच तो वाजला. मी दचकून तोंड काढलं. फुंकलंच नव्हतं. गार्डसाहेबांचा चेहरा इतका उजळलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. म्हणाले, "अर्धं गाणं आत ओढायचं असतं, आप्पा. लोकांना फुंकायचं तेवढं ठाऊक."

शिकवणी फलाटाच्या टोकाला, पाण्याच्या टाकीखाली. पहिला नियम, आधी चूळ भरायची. पान, बिडी, गोड, काही नाही. माझी बिडी त्या बाज्यानं सोडवली, मुलाला पन्नास वेळा सांगून जमलं नव्हतं. दुसरा नियम, ओठ गरम चहा फुंकतो तसे, म्हणजे एकच भोक बोलतं, शेजारचं मध्ये तोंड घालत नाही. मला ते महिनाभर जमलं नाही. घरी वाजवायचो तर सून म्हणायची, "मामा, शेजारच्या म्हशीनं दूध चोरलं आज." मी म्हणायचो, "म्हशीला गाणं कळतं का?" "न्हाई ना, म्हणूनच ती घाबरती." मग मी मळ्याकडं जाऊन वाजवू लागलो. हट्ट माझा जुना. शाळेत तो कामी आला नाही, इथं आला. दिवाळीपर्यंत पहिली ओळ आली, संक्रांतीला दुसरी, होळीला तिसरी.

वहिनींना माझं वाजवणं कधी ऐकू द्यायचं नाही, अशी गार्डसाहेबांची ताकीद होती. "मी हाय तवर मी. दोन गाड्या एका लाईनीवर सोडत नसतात." त्यामुळं त्यांच्या घरी मी फक्त ऐकायला जायचो. परसात दोरीवरच्या कपड्यांआड उभे राहून ते वाजवायचे आणि मी शेजारी उभा राहून त्यांच्या ओठांकडं बघायचो. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर, चाल वर चढताना, ते थांबायचे. बाजा तोंडापासून दूर जायचा, क्षणभर काही नाही, मग पुढची निम्मी ओळ. मला वाटलं, दम पुरत नाही. तरी विचारलं. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "काय की. हात थांबतो." मी म्हटलं, "तुमचा थांबतो, माझा थांबायचा न्हाई." आणि मी ती ओळ एका श्वासात वाजवायला बसलो. महिने लागले. ज्या दिवशी जमली त्या दिवशी टाकीखाली त्यांना ऐकवली. सुरुवातीपासून शेवटापर्यंत, कुठं खिंड नाही, कुठं खळ नाही. ते टाकीला टेकून बसले होते. त्यांनी एकदा मान हलवली. मग म्हणाले, "आता जरा भूक लागली बघा."

त्यानंतर टाकीपर्यंत येणं त्यांना जमलं नाही. घरात ऑक्सिजनचं यंत्र आलं. नाकातली नळी काढून ते परसात जायचे, वाजवायचे, भिंत धरून परत यायचे. मी सांगून पाहिलं, आता मी वाजवतो. डोळ्यांनीच नको म्हणाले. शेवटी शेवटी तीनाची एक ओळ झाली होती, तीही तुटत तुटत. तरी आतून हाक यायची, "वाढ गं, आले."

पुढच्या श्रावणात गार्डसाहेब गेले. मयतीला अख्खं स्टेशन आलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा ते सगळ्यांच्या पुढं होते आणि आम्ही मागून चालत होतो. वहिनी दारात उभ्या राहून गर्दीकडं बघत होत्या. कुणाला तरी त्यांनी विचारलं, "ह्यांना आज कुठली गाडी लागली?"

जलदान विधी झाला आणि त्यांची लेक सुजाता आईला लातूरला घेऊन गेली. घरात पाहुणे होते तोवर चार बायका मिळून वहिनींना भरवत होत्या. सुजाताला वाटलं, नवं घर, नवी जागा, तिथं रूळ नाहीत, गाडी नाही, आई वाट बघायचं विसरेल. मी म्हटलं, मी येऊ का? ती म्हणाली, "काका, लागलं तर बोलावते." बोलावल्याशिवाय मी कुणाच्या दारात गेलो नाही कधी. बसलो बाकावर. गेलेल्या गाडीकडं बघत.

फोन आला तेव्हा तिचा आवाज फाटला होता. "काका, आई ताटाला हात लावंना. चमचा लावला की तोंड मिटती. गाडी आली न्हाई म्हणती. डॉक्टर नळी घालायची म्हणून राहिलेत. तुम्ही या." मी होतो त्या धोतरावर निघालो. नांदेडहून लातूरची बस धरली. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, मी खिशावर हात दाबून मनात तिन्ही ओळी म्हणत होतो. शेजारचा माणूस म्हणाला, "आजोबा, छातीत दुखतंय का?" मी म्हटलं, "न्हाई. तालीम चाललीय."

लातूरला पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. वहिनी वाळल्या होत्या. हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. मला त्यांनी ओळखलं नाही, तेच बरं होतं. सुजातानं ताट वाढलं. मी मोरीत चूळ भरली, मागच्या दारानं बाहेर गेलो, भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. चाल त्यांची होती, पण छाती माझी होती. वाजवलं. आयुष्यात इतकं चांगलं मी वाजवलं नव्हतं. पहिली ओळ, दुसरी एका दमात वर आणि खाली, तिसरी. गार्डसाहेब असते तर मान हलवली असती.

आतून काही आवाज नाही. मग वहिनींचा आवाज, स्वच्छ, भानावरच्या माणसाचा. "कोण हाय गं भाईर?"

सुजाता म्हणाली, "बाबा आलेत, आई. जेव."

"ते न्हाईत. ते मधी थांबतात." मग जरा वेळानं, "तिथं सिग्नलची केबिन हाय ना. केबिनपाशी बाजा खाली घेऊन झेंडी दाखवायची असती. झेंडी न दाखवता गाडी आत कशी येईल?"

मी भिंतीला तसाच चिकटून उभा. गार्डसाहेबांना स्वतःला ते आठवत नव्हतं. हात थांबतो एवढंच ठाऊक होतं. आणि जिला लेकीचं नाव आठवत नव्हतं, तिनं ती झेंडी जपून ठेवली होती.

"खरं सांग," वहिनी म्हणाल्या. "गेले का हे?"

सुजाताला खोटं बोलवलं नाही. ती रडायला लागली तेच उत्तर झालं. मग वहिनी रडल्या. मयतीच्या दिवशी न रडलेलं सगळं तेव्हा रडल्या. मला आत बोलावलं, जवळ बसवलं, म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही चांगलं वाजवता. पण तुम्हाला रेल्वेचं काम ठाऊक न्हाई." मी म्हटलं, न्हाई वहिनी. मग त्यांनी डोळे पुसले आणि ताट स्वतःच पुढं ओढलं. "वाढ गं. आता कुणासाठी थांबू?" भाकरी कुस्करून, आमटी ओतून, पोटभर जेवल्या. सुजाता माझ्याकडं बघत होती, मी तिच्याकडं. दुःख मोठं होतं, पण खरं होतं आणि बाई जेवली होती. माझं काम संपलं, सकाळच्या बसनं निघावं, असं ठरवून मी पुढच्या खोलीत अंग टाकलं.

सकाळी उठलो तर वहिनी वेणी घालून, पदर नीट करून दाराशी बसल्या होत्या. माझ्याकडं बघून पाहुण्याला विचारावं तसं म्हणाल्या, "कुठल्या गावचे?" सुजातानं ताट आणलं. त्यांनी ते हातानं बाजूला सारलं. "थांब गं. ह्यांची गाडी यायचीय अजून."

सुजाता ताट धरून तिथंच उभी राहिली. मी उठलो. मोरीत जाऊन चूळ भरली आणि मागच्या दारानं बाहेर गेलो. पहिली ओळ वाजवली. दुसरी वर चढायला लागली, छातीत दम भरलेला होता, पुढची निम्मी ओळ ओठांवर आलेली होती. तिथं मी थांबलो. बाजा खाली घेतला आणि समोर कुणी नसताना उजवा हात उंच धरला.